हरा एकदाचे!

सप्टेंबर लागला आणि आमच्या रस्त्यावरच्या घरांवर पुन्हा निळे झेंडे आले. दुकानात शिरल्याशिरल्या चिप्सच्या पिशव्यांचा डोंगर. ऑफिसची सोमवारची मीटिंग सुरू होते ती कालच्या मॅचपासून, आणि ज्या कामासाठी मीटिंग बोलावली ते काम शेवटच्या पाच मिनिटांत उरकायचं. शाळेतून ईमेल आला, शुक्रवारी सगळ्या मुलांनी निळं घालून यावं. माझ्या मुलीनं, ईरानं, कपाट उपसलं आणि जाहीर केलं, "मम्मा, माय ओन्ली ब्लू शर्ट इज टू स्मॉल." मी चाव्या घेऊन उठले. झालं. सीझन आला.

अमेरिकन फुटबॉल मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो. एक माणूस चेंडू घेऊन पळत सुटतो, पाच सेकंदांत खाली पडतो, त्याच्यावर आणखी सात-आठ माणसं पडतात. मग पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातले पंच येऊन काहीतरी मोजतात. मग ट्रकची जाहिरात. मग पुन्हा तेच. "लास्ट टू मिनिट्स, अनघा," असं माझा नवरा मंदार म्हणाला की मी वरणाला फोडणी देऊन, भात लावून, डिशवॉशर रिकामा करून येते आणि तरी एक मिनिट बाकी असतं. मी पुण्याची. आमच्याकडेही क्रिकेटपायी अख्खे दिवस वाया जायचे. पण त्यात निदान मधे जेवायची सुट्टी होती.

तरीही झेंडे लागले की हल्ली मी मॅचचं वेळापत्रक शोधायला लागते. दर रविवारी दुपारी एक वाजता हात आपोआप फोनकडे जातो. ही खोड मला एका सीझननं लावली. त्या सीझनमध्ये अख्ख्या मिशिगनमध्ये आमच्या संघानं हरावं म्हणून जीव टाकणाऱ्या बहुतेक दोनच बायका होत्या. एक मी आणि एक आमच्या समोर राहणाऱ्या गजभिये काकू.

संघाचं नाव लिहीत नाही. काकूंनी त्या वर्षी ते नाव घरात घ्यायला बंदी केली होती आणि ती सवय मलाही लागली. काकू त्यांना "ते पोट्टे" म्हणायच्या. "जिंकले का गं ते पोट्टे?" असा त्यांचा फोन यायचा, आणि आवाजावरून वाटावं, कुठे आग लागल्याची चौकशी चालली आहे.

गजभिये काका-काकू मूळचे नागपूरचे. आमच्या या ट्रॉय गावात आज रस्त्यारस्त्यावर मराठी ऐकू येतं, पण काका आले तेव्हा मराठी बोलायला कुणी मिळालं तर तो दिवस सणाचा, असं ते सांगतात. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आम्ही इथे घर घेतलं तेव्हा सामान उतरवायच्या आधीच काकू पातोडीच्या रश्श्याचं पातेलं घेऊन रस्ता ओलांडून आल्या होत्या. मुलगा राहुल टेक्सासला. काकू हायवेवर गाडी चालवत नाहीत. त्यामुळे दवाखाना म्हटलं की ड्रायव्हर मीच.

काका या संघाच्या मागे कसे लागले ते त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. नवीन आले ते सप्टेंबरात. ऑक्टोबर उजाडला आणि त्यांना घरची आठवण असह्य व्हायला लागली. तिकडे दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा पूर लोटलेला, पांढरे कपडे, जिकडे बघावं तिकडे निळे झेंडे, आई दोन दिवस आधीपासून लोकांना भाकरी करून घालते आहे, आणि आपण इथे एका खोलीत पाव खातो आहोत. रविवारी सकाळी ते उगीच चालायला बाहेर पडले. कोपऱ्यावर वळले तर रांगेनं घराघरावर निळे झेंडे.

"मला एक मिनिट कळेचना," काका म्हणाले होते. "मी तिथंच उभा राहिलो. वाटलं, यांना कसं माहीत?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी विचारलं आणि सगळे पोट धरून हसले. पण पुढच्या रविवारी त्यातल्या एकानं त्यांना मॅच बघायला घरी नेलं, जेवू घातलं. संघ हरला. काका सांगताना म्हणाले, "हरला म्हणूनच मी त्यांचा झालो. जिंकणाऱ्यांकडे काय, कोणीही जातं."

यानंतर काकांनी चाळीसेक वर्षं ते हरणं निष्ठेनं बघितलं. हा धागा एकदा धरला की काकांना थांबवणं कठीण. या देशात असे बत्तीस संघ आहेत आणि सीझनच्या शेवटी एक फायनल होते, तिला सुपर बोल म्हणतात. कोण किती वेळा फायनलला गेलं, किती जिंकलं, किती हरलं, हे काकांना पाढ्यासारखं पाठ. एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना मंदारनं सहज विषय काढला आणि माझी पुरणपोळी थंड होईपर्यंत तेच चाललं.

"सहा-सहा फायनल जिंकलेले दोन संघ आहेत," काका म्हणाले. "त्यांचं सोड. चार वेळा फायनलला जाऊन चारही वेळा हरलेलेही दोन आहेत. लोक त्यांना हसतात. मी नाही हसत. मला त्यांचा हेवा वाटतो."

"हरण्याचा हेवा?" मी विचारलं.

"अगं, हरायला तरी तिथे पोचावं लागतं! आपल्यापुढे काय आहे? जिंकले शून्य. हरले शून्य. शून्य-शून्य." काकांनी दोन्ही हातांनी दोन शून्यं करून दाखवली. "कधी गेलोच नाही. फायनलला हे नाव पडायच्या आधी, जुन्या काळात, आपण अजिंक्यपद जिंकलेलं आहे. पण ते आता कोणी धरत नाही. मला जिंकायचंही नाही रे मंदार. एकदा हरले फायनलमध्ये तरी चालेल. रकान्यात काहीतरी येऊ दे."

काकू पोळीवर तूप घेत म्हणाल्या, "एवढा जीव माझ्या गुडघेदुखीत घातला असता तर मी आज नाचली असती."

सगळे हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी मी दोघांना हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काकांच्या हृदयाची एक झडप कडक झाली होती, नीट उघडत नव्हती. बदलायला लागणार, छाती उघडून. डॉक्टर म्हणाले, अगदी उद्या नको, पण फार लांबवूही नका. आणि दम लागायला लागला, चक्कर आली, छातीत दुखलं, तर एक दिवसही थांबायचं नाही, लगेच फोन करायचा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "आफ्टर द सीझन चालेल?"

डॉक्टर मिशिगनचेच. त्यांना हसू आलं. "या संघाचा सीझन असेल तर चालेल," ते म्हणाले. त्या विनोदाबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

गाडीत मी काकूंकडे बघितलं. मला वाटलं, त्या चिडतील. पण त्या निवांत होत्या. उतरताना हळूच म्हणाल्या, "राहू दे गं. ते पोट्टे दिवाळीच्या आत गारद होतात. आजपर्यंत कधी चुकले नाहीत. नोव्हेंबरात ऑपरेशन करून टाकू."

हिशेब चोख होता. चाळीस वर्षांचा अनुभव पाठीशी होता. पोट्ट्यांनी फक्त नेहमीसारखं हरायचं होतं.

ते जिंकले.

पहिल्या रविवारी जिंकले तेव्हा आम्हाला काही वाटलं नाही, एखादी मॅच होते अशी. दुसरी हरले, काकूंनी शेवयांची खीर पाठवली. मग तिसरी जिंकले, चौथी, पाचवी. ऑक्टोबरात मेपलची पानं लालभडक झाली, ईराच्या शाळेत भोपळे कोरले गेले, आणि संघ जिंकतच होता. शहर वेडं झालं. गॅस स्टेशनवर अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. मंदारनं निळी टोपी घेतली. ज्या माणसाला लग्नाच्या वाढदिवसाची आठवण करून द्यावी लागते तो मला डिफेन्समधल्या पोराच्या घोट्याची दुखापत समजावून सांगायला लागला. आणि मी ईराच्या कथकच्या क्लासबाहेर गाडीत बसून चोरून स्कोअर बघत होते. समोरचा संघ पुढे गेला की बरं वाटायचं. आमच्यांनी शेवटच्या मिनिटाला बरोबरी केली की मी स्टिअरिंगवर हात आपटायचे. खिडकीशेजारून जाणाऱ्या एका बाईनं शाबासकीसारखा अंगठा वर केला. तिला वाटलं, मी आनंदानं आपटते आहे.

मग काकूंचा फोन. "जिंकले?"

"जिंकले, काकू."

"काय बाप्पा हे. चाळीस वर्षं झोपले होते, नेमके आत्ताच जागे व्हायचे होते?"

एका रविवारी बुद्धवंदनेहून येताना त्या गाडीत एकदम म्हणाल्या, "मी पाप करून राहिली का गं? सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो म्हणते, आणि मनात येतं, तेवढे ते पोट्टे सोडून."

मी म्हटलं, "काकू, त्यांचं भलंच होऊ दे. फक्त हरून होऊ दे."

त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसून झाल्यावर काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतर, बर्फ पडायला लागला. माझी कामाची खोली रस्त्याच्या बाजूला आहे, कॉलवर असताना समोरचं घर दिसत राहतं. काका रोज दुपारी पत्रपेटीपर्यंत चालत यायचे. दारापासून पेटीपर्यंत अंतर ते किती. त्या महिन्यात ते पेटीशी आले की तिला धरून उभे राहायला लागले. पेटी उघडायची, आत बघायचं, बंद करायची. पुन्हा उघडायची. मला आधी वाटलं, काही महत्त्वाचं यायचं असेल. मग एकदा त्यांनी पेटीवर कपाळ टेकवलेलं दिसलं. मी कॉल म्यूट करून तशीच चपलांवर बर्फातून पळाले.

"काका, दम लागतोय ना?"

"कोणाला?" ते सरळ उभे राहिले. "मी पत्रं पाहून राहिलो."

"पोस्टमन अजून यायचाय."

"म्हणूनच तर नाही आलं काही." आणि ते हसले. ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या. "तीन आठवडे, अनघा. तीनच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाद फेरीत जाऊन राहिलो आपण. तिला सांगू नको."

मी सांगितलं. काकूंना आणि टेक्सासला राहुललाही. राहुल स्पीकरवर कडाडला, "बाबा, धिस इज इन्सेन! एका गेमसाठी?" काका म्हणाले, नेटवर्क बरोबर नाही, आणि फोन ठेवला. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी कणीक मळायला घेतली आणि ती इतकी मळली, इतकी मळली की मी परात काढून घेतली.

"ओरडा ना त्यांच्यावर," मी म्हटलं. "काकू, तुम्ही का नाही ओरडत?"

"छातीचं दुखणं आहे. ओरडून काही झालं म्हणजे?"

तेव्हा मला रागानं काही सुचेना. कुणाचा राग तेही नीट कळत नव्हतं. त्या निळ्या हेल्मेटवाल्या पोरांचा, ज्यांना आम्ही कोण हे माहीतही नव्हतं. मंदारचा, कारण तो "काकांचं पण बरोबर आहे यार, वन्स इन अ लाइफटाइम" असं म्हणाला आणि त्या रात्रीची भांडी त्याला घासावी लागली. माझाही असेल. कारण "नंतर" या शब्दावर तर आम्ही सगळेच इथे जगतो. व्हिसाचं झाल्यावर आईला भेटायला जाऊ. ग्रीन कार्ड आल्यावर नोकरी बदलू. ईराची शाळा संपल्यावर ठरवू, परत जायचं की नाही. आमचं प्रत्येक मोठं काम कुठल्यातरी सीझनच्या पलीकडे ठेवलेलं असतं, आणि सीझन काही संपत नाही. मी काकांवर चिडून तरी कोणत्या तोंडानं चिडायचं? तरी चिडले. चांगली कडकडून चिडले.

बाद फेरीत एक मॅच हरली की खेळ खलास. पहिली जिंकले. दुसरी जिंकले. आता उपांत्य सामना, तो जिंकला की थेट फायनल. त्या रविवारी काकांनी सगळ्यांना घरी बोलावलं. बाहेर बर्फाचे ढीग, आत चिवडा, समोसे, मंदारची टोपी. काका आरामखुर्चीत, अंगावर निळा स्वेटर. काकूंनी सोफ्याचं टोक धरलं होतं आणि त्या टीव्हीकडे न बघता काकांच्या छातीकडे बघत होत्या, वर-खाली, वर-खाली.

मध्यंतराला आमचा संघ इतका पुढे होता की मंदार आणि ईरा नाचायलाच लागले. "दे आर गोइंग टू द सुपर बोल, आजोबा!" ईरा किंचाळली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "खालून सोडा घेऊन येतो." आणि बेसमेंटच्या जिन्यानं खाली गेले.

बराच वेळ झाला तरी येईनात. मी खाली गेले. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते, हातात सोड्याची बाटली तशीच. मला वाटलं, झालं. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"काही नाही, काही नाही," ते म्हणाले. "चढवलं नाही. बसलो."

मी शेजारच्या पायरीवर बसले. वरून जाहिरातींचा आवाज येत होता.

"काका, पुरे आता. फायनलला अजून दोन आठवडे. तुमच्यानं होणार नाही."

त्यांनी बाटलीचं लेबल नखानं खरवडायला सुरुवात केली. मग म्हणाले, "माझा मोठा भाऊ सकाळी चालत गेला होता दवाखान्यात. नागपूरला. हेच ऑपरेशन, हीच झडप. बाहेर रिक्षावाल्याला म्हणाला, परत जाताना तुझ्याच रिक्षानं जाईन. टेबलावरून उठला नाही. मला इथे तार मिळाली. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं."

मी जवळ सरकून बसले.

"पोट्टे जिंकले की पुढच्या रविवारपर्यंत कोणी मला काही विचारत नाही," काका म्हणाले. "एवढंच. तेवढ्यासाठी पाहून राहिलो मी यंदा मॅच. खेळाकडे माझं लक्षही नसते."

"आणि फायनल जिंकले तर?"

"मग आता मरायलाही हरकत नाही, असं म्हणतात ना लोक?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा पार लहान झाला होता. "मला हरकत आहे, अनघा."

"मग हे काकूंना सांगा ना."

"नको. घाबरेल ती."

"मी ऑगस्टपासूनच घाबरलेली आहे."

आम्ही दोघांनी वर पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी काकू उभ्या होत्या. एका हातानं कठडा धरून, दुखरा गुडघा सांभाळत त्या एकेक पायरी उतरल्या आणि काकांच्या मागच्या पायरीवर बसल्या. काकांनी मान वळवली नाही. काकू म्हणाल्या, "भाऊजींचं मला माहीत नाही काय? तुमच्या तोंडून निघेल म्हणून वाट पाहून राहिली होती."

वर मॅच पुन्हा सुरू झाल्याचा गलका ऐकू आला.

"उद्या सकाळी फोन करायचा डॉक्टरांना," काकू म्हणाल्या. "पहिली तारीख मिळेल ती घ्यायची."

"जिंकले तरी?"

"जिंकले तरी."

काकांनी सोड्याची बाटली खाली ठेवली. "बरं," म्हणाले.

एवढंच. पाच महिने जे कोणाला जमलं नाही ते त्या जिन्यावर दोन शब्दांत झालं. आम्ही दोघींनी धरून काकांना वर आणलं, प्रत्येक पायरीवर थांबत. आता ते दम लागल्याचं लपवत नव्हते, मोठ्यानं श्वास घेत होते, आणि मला त्या आवाजाचंही बरं वाटलं.

वर येऊन बघतो तो मंदारनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "सगळा लीड घालवला यार," तो म्हणाला.

आता काय सांगू! सबंध सीझन आम्ही हरा, हरा म्हणून जप केला तेव्हा हे जिंकत राहिले. आणि ज्या संध्याकाळी त्यांनी खुशाल जिंकावं, आमचं काही अडलेलं नाही, त्या संध्याकाळी हातात आलेला चेंडू खाली पाडायला लागले. काकू सोफ्याच्या कडेवर सरकल्या. "अरे धर ना रे मेल्या!" त्या ओरडल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या टीव्हीकडे बघून ओरडल्या होत्या. "आता तरी जिंका! आता कोण नाही म्हणून राहिलं तुम्हाला?" मीही ओरडले. कशावर, काही समजत नव्हतं, पण ओरडले. शेवटची दोन मिनिटं नेहमीप्रमाणे अर्धा तास चालली आणि आमचा संघ अगदी थोडक्यात हरला.

ईरा रडायला लागली. मंदार भिंतीकडे बघत होता. काकांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "शून्य-शून्य." मग काकूंकडे वळून, "भूक लागली. काय आहे जेवायला?"

फायनलच्या आधीच्या मंगळवारी ऑपरेशन झालं. राहुल आदल्या दिवशी टेक्सासहून आला. बर्फ आणि मिठानं पांढरे झालेले रस्ते, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये प्रत्येक दुसऱ्या गाडीवर निळा स्टिकर, लिफ्टमध्ये दोन अनोळखी माणसं अजून त्या सुटलेल्या चेंडूवर वाद घालत होती. मला दोघांना लिफ्टबाहेर ढकलावंसं वाटलं. काकांना आत नेताना ते काकूंना म्हणाले, "येतो." काकूंनी मान हलवली.

नंतरची वाट बघणं मी सांगणार नाही. ज्यांनी बघितली आहे त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना ती वेळ न येवो. दुपार कलल्यावर सर्जन बाहेर आली. तरुण मुलगी, डोक्याला अजून ती कागदी टोपी. म्हणाली, छान झालं, नवी झडप उत्तम चालते आहे. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. "पुन्हा विचार तिला." मी पुन्हा विचारलं. "अजून एकदा विचार." सर्जननं न कंटाळता तिसऱ्यांदा तेच सांगितलं. राहुल कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घशातली नळी काढली तेव्हा दोघांनाच आत सोडलं. राहुल मला म्हणाला, आईसोबत तू जा, मला बघवणार नाही. आत यंत्रांची टिकटिक, पडदे, औषधांचा वास. काका पांढऱ्या चादरीखाली अगदी सपाट झोपलेले. त्यांनी डोळे उघडले, काकूंना बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आली का?"

आणि काकूंचा बांध फुटला.

"आली का म्हणे! आली का विचारतोस? पत्रपेटीला डोकं टेकवून उभा राहत होतास, मला दिसत नव्हतं काय? मी रात्र-रात्र तुझ्या नाकाशी हात धरून बसायची, तुला माहीत आहे? भावाचं दुःख पोटात घेऊन बसलास, मला एक अक्षर सांगितलं नाहीस! मी कोण आहे तुझी? त्या पोट्ट्यांच्या मागे लपत होतास! मेला असतास म्हणजे? मी काय केलं असतं या बर्फात एकटीनं, सांग, काय केलं असतं?"

यंत्रावरचे आकडे थोडे वर चढले. काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे चाललं होतं आणि ते हसत होते.

पडदा सरकवून नर्स आत आली. तिनं आकडे पाहिले, काकांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "इज एव्हरीथिंग ओके? व्हॉट इज शी सेइंग टू हिम?"

मी सांगायला तोंड उघडलं. इतकी वर्षं मी या दोघांना ओळखते. काकांचा उल्लेख काकूंनी कधी 'हे' सोडून केला नव्हता, आणि त्यांच्याशी बोलताना 'अहो, तुम्ही' सोडून शब्द वापरला नव्हता, रागातही नाही. आज त्या 'तू' म्हणत होत्या. एकामागून एक, न थांबता, लग्नापासूनचे राहून गेलेले सगळे 'तू' एकदम.

नर्स उत्तराची वाट बघत होती. आणि माझ्या लक्षात आलं, हे इंग्रजीत सांगायची सोयच नाही.